घोड्यावरची मांड: ड्रेसाजच्या स्वाराने आधी स्वतःचं शरीर कसं घडवावं

घोड्याच्या पाठीवर माशी बसली तर तो नेमकी तेवढीच कातडी थरथरवतो आणि तिला उडवून लावतो. ज्या पाठीला माशी कळते, त्या पाठीवर आपण साठ-सत्तर किलोंचं शरीर घेऊन बसतो. आपली एक बाजू आखडलेली असेल, आपण श्वास रोखला असेल, मांड्यांनी खोगीर आवळून धरलं असेल, तर ते सगळं त्याला आपल्याआधी कळतं. आणि मग तो उजवीकडे वळेना की आपण म्हणतो, हा घोडा हट्टी आहे.

ड्रेसाज, म्हणजे बारीक इशाऱ्यांवर घोड्याकडून नेमक्या हालचाली करून घेण्याचा स्वारीचा प्रकार. तो शिकणाऱ्या बहुतेकांचं लक्ष पहिल्या दिवसापासून लगामावर असतं. घोड्याने मान गोल केली की काम जमलं असं वाटतं. इतकी वर्षं स्वारी करून आणि शिकवून मला याच्या उलटा क्रम पटला आहे: आधी मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, मग पाय, आणि हात सर्वांत शेवटी. ज्याची मांड डळमळते त्याचा हात हलका असूच शकत नाही. तोल गेला की माणूस हाताला लागेल ते पकडतो, आणि स्वाराच्या हाताला लागतं ते घोड्याचं तोंड.

हे काही नवीन नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने स्वाराला सांगून ठेवलं आहे की, खुर्चीवर बसल्यासारखं बसू नका, पाय फाकवून उभं असल्यासारखं बसा. तेव्हा रिकिबीसुद्धा (पाय ठेवायच्या कड्या) नव्हत्या. आणि बैठकीची ताकद काय असते हे पाहायचं असेल तर डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांच्याकडे पाहावं. १९४४ साली पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढता-उतरताना मदत लागायची. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, म्हणजे ड्रेसाजमध्ये महिलांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला त्या वर्षी, त्यांनी ज्युबिली नावाच्या घोडीवर वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं. १९५६ साली पुन्हा रौप्य. पोटरी आणि टाच ज्यांना वापरताच येत नव्हती, त्यांनी घोड्याशी सगळा संवाद वजनाने आणि कंबरेने केला.

आधी स्टुलावर बसा

घोड्याकडे जाण्यापूर्वी एक कडक, सपाट स्टूल घ्या. गादी नको. तळहात वर करून दोन्ही हात बुडाखाली घाला आणि त्यावर बसा. दोन टणक उंचवटे बोटांना टोचतील. ही बैठकीची हाडं. ड्रेसाजमधलं निम्मं ज्ञान या दोन हाडांतून येतं, त्यामुळे त्यांची नीट ओळख करून घ्या.

आता पेल्विस, म्हणजे कंबरेखालचा हाडांचा सांगाडा, हे पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं आहे असं समजा. कंबर आत ओढून पोट पुढे काढलं तर पाणी पुढे सांडेल. हाडं मागच्या बाजूला सरकल्याचं बोटांना कळेल. पाठीला पोक काढलं तर पाणी मागे सांडेल आणि हाडं पुढे घसरतील. या दोन्हींच्या मधे एक जागा आहे जिथे हाडांची टोकं सरळ खाली रोखलेली असतात, बोटांवरचा दाब सर्वांत जास्त असतो आणि पाठीचे स्नायू मोकळे असतात. तीच आपली जागा. पुढे-मागे दहा-बारा वेळा झुला आणि दर वेळी डोळे मिटून त्या मधल्या जागी येऊन थांबा.

मग डाव्या-उजव्या बाजूचा अंदाज घ्या. एक हाड दुसऱ्यापेक्षा जास्त रुतत असेल. जवळजवळ सगळ्यांचं तसं असतं. कोणतं ते लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी काम आहे.

खोगिरात बसल्यावर

खोगिराचा सर्वांत खोल भाग मधोमध असतो, तिथे बसा. रिकिबीत पाय न घालता दोन्ही पाय नुसते लोंबू द्या. मग एका वेळी एक मांडी हाताने मागून धरून थोडी बाहेर ओढा आणि सपाट टेकवा, म्हणजे मांडीचा मऊ भाग मागे जाईल आणि गुडघा किंचित आत वळेल. दोन्ही बाजूंना हे केलं की पाय कंबरेतून लांब झाल्यासारखा वाटतो. रिकिबीची लांबी आता ठरवा: पाय मोकळा लोंबत असताना रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी यावा. नवख्याने त्याहून एक भोक आखूड ठेवलं तरी चालेल. लांब रिकीब दिसायला रुबाबदार, पण ती पकडण्यासाठी बोटं खाली ताणावी लागत असतील तर मांड गेलीच.

बाजूने पाहिलं तर कान, खांदा, कंबरेचा सांधा आणि टाच एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. दुसरी रेषा कोपरापासून मुठीतून थेट बिटपर्यंत, म्हणजे घोड्याच्या तोंडातल्या दांडीपर्यंत. पहिली रेषा तपासायला एकच प्रश्न विचारा: या क्षणी घोडा खालून नाहीसा झाला तर मी पायांवर उभा राहीन का? पाय पुढे गेलेला स्वार बुडावर पडेल. कंबर आत ओढून पुढे कललेला तोंडावर आपटेल.

टाच खाली दाबा, टाच खाली दाबा असं सतत ऐकू येतं. दाबून खाली गेलेली टाच घोटा कडक करते, घोटा गुडघ्याला, गुडघा कंबरेला, आणि बघता बघता स्वार लाकडाचा होतो. टाच जाऊ द्यायची असते. पावलाचा रुंद भाग रिकिबीवर टेकवून वजन घोट्यातून झिरपू दिलं की ती आपसूक किंचित खाली जाते, आणि तेवढी पुरते.

इथे खोगिराबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. काही खोगिरांत रिकिबीचा पट्टा जिथे अडकतो ती जागा फार पुढे असते, किंवा खोल भाग मागे सरकलेला असतो. अशा खोगिरात कितीही कष्ट केले तरी पाय पुढे जाणारच. महिनोन् महिने स्वतःला दोष देण्याआधी वेगळ्या खोगिरात एकदा बसून पाहा. घोड्याच्या पाठीला बसत नसलेलं खोगीर तर ताबडतोब बदलायचं.

लाँजवरचे दिवस

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या शिकाऊ स्वारांची सुरुवात लाँजवर होते. रिकिबी नाहीत, लगाम नाही. घोडा प्रशिक्षकाच्या हातातल्या लांब दोरीवर गोल फिरतो आणि स्वाराने फक्त बसायला शिकायचं. ज्यांना पुढे आयुष्यभर सर्वोच्च दर्जाचं काम करायचं आहे त्यांनाही हे चुकत नाही. मग आपण का चुकवतो? कारण ते कंटाळवाणं वाटतं आणि तिथे 'घोडा चालवतोय' असं वाटत नाही.

आठवड्यातून एक लाँजचा तास मिळवता आला तर मिळवाच. शांत, सवयीचा घोडा, साधारण १५ ते २० मीटर व्यासाचं वर्तुळ, दोरी धरणारा अनुभवी माणूस, डोक्यावर हेल्मेट, टाच असलेले बूट आणि खोगिराच्या पुढच्या बाजूला पकडायला एक पट्टा. यातलं काही कमी असेल तर करू नका. एकट्याने तर नाहीच. वेळ १५ ते २० मिनिटं, दोन्ही दिशांना सारखी. गोल फिरणं घोड्याच्या सांध्यांना जड जातं, म्हणून लांबवायचं नाही.

पहिली पाच मिनिटं चालीत, म्हणजे घोड्याच्या साध्या चालण्यात. घोड्याची चाल चार ठोक्यांची असते. डावा मागचा पाय पुढे येताना त्याचं पोट उजवीकडे झुलतं आणि तुमचं डावं बैठकीचं हाड किंचित खाली जातं. मग उजवीकडे तेच. डोळे मिटा आणि मोठ्याने म्हणा, "डावा... उजवा... डावा..." दोरी धरणाऱ्याने चूक की बरोबर सांगायचं. सुरुवातीला निम्म्या वेळा चुकतं. दोन-तीन तासांत पाठ खाली जाते ती जागा ओळखू यायला लागते आणि मग हे ज्ञान कधी विसरत नाही. त्याचा उपयोग मोठा आहे: मागचा पाय उचलला जात असतानाच तुमच्या पोटरीचा इशारा घोड्याला उपयोगी पडतो, कारण तेव्हाच तो पाय आणखी पुढे टाकता येतो. पाय जमिनीवर टेकून वजन पेलत असताना दिलेला इशारा वाया जातो, आणि मग आपण तोच जोराने देतो.

चालीतच हातांचे व्यायाम करा. एक हात पट्ट्यावर, दुसरा कानाजवळून वर आणि मागे, सावकाश. मग दोन्ही हात बाजूला पसरून कमरेतून डावीकडे-उजवीकडे वळा. वळताना बैठकीची हाडं जागची हलता कामा नयेत. घोटे गोल फिरवा. दोन्ही गुडघे खोगिरापासून बोटभर दूर करा, तीन पावलं धरा, सोडा. हा शेवटचा व्यायाम सर्वांत कठीण आणि सर्वांत गुणकारी.

गुडघा दूर करायला का लावतात ते मला ज्या दिवशी समजलं तो दिवस अजून आठवतो. दुडकीत, म्हणजे चालीपेक्षा वेगाच्या उसळत्या धावेत, घोडा पाठ उचलायचा आणि मी खोगिरातून वर फेकली जायचे. भीतीने मांड्या आवळायचे, तशी आणखी वर. सरांनी घोडा थांबवला. खिशातून एक मोठी ओली साबणाची वडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हिला घट्ट दाबा." दाबली, आणि ती बोटांतून सटकून वर उडाली. "आता नुसती तळहातावर ठेवा." वडी पडून राहिली. पुढच्या फेरीत मी मांड्या सोडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा चार पावलं घोड्याच्या पाठीला चिकटून गेले. चारच, पण ती चार पावलं म्हणजे काय ते शरीराला कायमचं कळलं.

दुडकी: जिथे खरी परीक्षा होते

दुडकी दोन ठोक्यांची. कर्णरेषेतले दोन पाय एकत्र पडतात, मग घोडा क्षणभर पूर्ण हवेत असतो, मग दुसरी जोडी. प्रत्येक ठोक्याला पाठ वर येते, खाली जाते. यातून वाचण्यासाठी उठती दुडकी असते: एका जोडीला उठायचं, दुसरीला बसायचं. वर्तुळावर असताना बाहेरचा खांदा पुढे जाईल तेव्हा उठा. उठताना वर जाऊ नका, पुढे जा. खोगिराच्या पुढच्या उंचवट्याकडे नाभी सरकल्यासारखी. आणि परत बसताना धपकन नाही. आपला उतार आपण पेलायचा. मी शिकणाऱ्यांना सांगते की खोगिरावर अंडं ठेवलंय असं समजा.

बसती दुडकी ही उठती जमल्याशिवाय सुरू करू नये, हे माझं ठाम मत आहे. स्थिर दिसणारा स्वार खरं तर सतत हलत असतो, घोड्याइतकाच आणि घोड्याच्या वेळेला. हलण्याची जागा आहे पेल्विस आणि कमरेचे खालचे मणके. पाठ वर येते तेव्हा पातेल्याची पुढची कड किंचित वर, खाली जाते तेव्हा पुन्हा समतोल. हे करायला पोटाचे खोल स्नायू जागे लागतात आणि मांड्या, नितंब सैल लागतात. दोन्ही एकाच वेळी करणं हेच कौशल्य.

सराव असा करा. संथ दुडकी, आधी उठती. मग आठ पावलं बसा, आठ पावलं उठा. आठही पावलं चांगली गेली तर दहा करा. उसळायला लागलात, श्वास अडला, हात वर-खाली झाला की लगेच उठत्या दुडकीवर या. दहा मिनिटं सलग उसळत बसून काही शिकता येत नाही. घोड्याची पाठ मात्र दुखावते, तो ती खाली दाबून कडक करतो, आणि कडक पाठीवर बसणं आणखी अवघड होतं. श्वास रोखला जातोय का हे कळायला मोठ्याने आकडे मोजा किंवा गाणं म्हणा. आवाज तुटक येत असेल तर शरीरही तुटक आहे.

कँटर, म्हणजे दुडकीहून वेगाची धाव, तीन ठोके आणि मग एक हवेतला क्षण, अनेकांना बसत्या दुडकीपेक्षा सोपा जातो. त्यात लक्षात ठेवायचं एवढंच: आतलं बैठकीचं हाड किंचित पुढे, आतला पाय तंगापाशी (खोगीर बांधायच्या पोटपट्ट्यापाशी), बाहेरचा पाय कंबरेतून थोडा मागे, आणि धडाने झोका घ्यायचा नाही. झोका पेल्विसचा. खांदे पुढे-मागे डोलत असतील तर पेल्विस अडकलं आहे असं समजा.

वाकडेपणा

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो स्वतःला कधीच दिसत नाही.

एका मुलीची तक्रार होती की तिचा घोडा उजव्या वर्तुळावर बाहेर बाहेर सरकतो. २० मीटरचं वर्तुळ सुरू करायची आणि पाऊण फेरी होईपर्यंत ते २५ चं झालेलं असायचं. ती उजवा लगाम ओढायची, मान उजवीकडे वाकायची, पण खांदा डावीकडेच पळायचा. मी रिंगणाच्या एका टोकाला उभी राहिले आणि तिला माझ्यापासून दूर सरळ चालत जायला सांगितलं. मागून पाहताना शर्टाची मधली शिवण खोगिराच्या मध्यरेषेपासून दोन बोटं डावीकडे होती. उजव्या बाजूला कमरेत शर्टाला चुण्या पडलेल्या, डावी बाजू ताणलेली. म्हणजे ती उजव्या कमरेत दुमडली होती आणि वजन सगळं डाव्या हाडावर. घोडा बिचारा तिच्या वजनाखाली जात होता. तो अगदी आज्ञाधारकपणे वागत होता.

रिकिबीचे पट्टे काढून शेजारी शेजारी धरले तर डावा पट्टा बोटभर लांब निघाला. दोन्हींची भोकं सारखीच मोजलेली होती, पण रोज डावीकडूनच जमिनीवरून चढल्याने तो पट्टा ताणला गेला होता. पट्टे आपसात बदलले, चढायला ओटा वापरायला सुरुवात केली, आणि जमिनीवरच्या व्यायामात तिची उजवी बाजू लांब करण्यावर सहा आठवडे काम केलं. उजवं वर्तुळ गोल व्हायला लागलं. लगामाबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो.

तुम्हीही हे करा. महिन्यातून एकदा कुणाला तरी मागून, पुढून आणि दोन्ही बाजूंनी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. मागून पाहताना घोड्याच्या शेपटीचं मूळ, खोगिराची मध्यरेषा आणि तुमच्या शर्टाची शिवण एका ओळीत आहे का बघा. दोन्ही बुटांचे तळ सारख्या उंचीवर आहेत का बघा. घरी वजनाचे दोन सारखे काटे मिळाले तर प्रत्येकावर एक पाय ठेवून डोळे मिटून उभे राहा आणि आकडे दुसऱ्याला वाचायला सांगा. आकड्यांत मोठा फरक निघाला तर त्या बाजूचं काम आधी. घोडाही जन्मतः एका बाजूला वाकडाच असतो, तेव्हा दोन वाकड्यांची जोडी जमली की दोष कुणाचा हे शोधायला निदान स्वाराची बाजू तरी सरळ हवी.

जमिनीवरचा व्यायाम

स्वारी हाच स्वाराचा व्यायाम, असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. घोड्यावर तुम्ही असलेल्या सवयी घट्ट करता. नवी सवय लावायला शरीराला शांत जागा लागते. शिवाय आपल्या दुबळ्या पोटाची किंमत घोड्याच्या पाठीने का मोजायची?

आठवड्यातून तीन दिवस, २० ते २५ मिनिटं पुरेत. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांच्या मांडीच्या पुढच्या, कंबरेच्या सांध्याजवळच्या स्नायूंना आखूड व्हायची सवय लागते, आणि त्यामुळेच घोड्यावर गुडघा वर येतो आणि कंबर आत ओढली जाते. त्यांच्यासाठी सूर्यनमस्कारातलं अश्वसंचालनासन उत्तम. मागचा गुडघा जमिनीवर टेकवा, मागच्या पायाच्या बाजूचा नितंब आवळा आणि पातेल्यातलं पाणी किंचित मागे सांडेल असं पेल्विस वळवा. कंबर पुढे झोकून खोल जाऊ नका. पेल्विस वळवलं की थोडक्यातच ताण जाणवतो. ३० सेकंद, दोन्ही बाजूंना तीन वेळा. मांड्यांच्या आतल्या बाजूसाठी बद्धकोनासन, गुडघे हाताने न दाबता.

पोटासाठी उठाबशा किंवा क्रंच मी सांगत नाही. त्या धड पुढे दुमडायला शिकवतात आणि आपल्याला दुमडायचं नाहीये. त्यापेक्षा पाठीवर झोपा, गुडघे काटकोनात वर, हात छताकडे. श्वास सोडत उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय जमिनीकडे सावकाश न्या, कंबर जमिनीवरून न उचलता. परत या, दुसरी जोडी. दोन्ही बाजू मिळून दहा. हात आणि पाय वेगळे हलत असताना मधलं धड शांत ठेवायचं, हेच तर घोड्यावर करायचं असतं. त्यानंतर कोपरावर आडवा प्लँक, प्रत्येक बाजूला २० सेकंदांपासून सुरू. जी बाजू लवकर थरथरते तिला एक फेरी जास्त. मग सेतुबंधासन, दहा वेळा, वर गेल्यावर दोन्ही कंबरा समान उंचीवर.

व्यायामाचा मोठा बॉल असेल तर त्यावर बसून दोन्ही पाय टेकवा आणि हलके उसळा. डोकं एका उंचीवर ठेवायचा प्रयत्न करा. मग एक पाय जमिनीपासून थोडा उचला. बसत्या दुडकीच्या इतकं जवळ जाणारं दुसरं साधन मला माहीत नाही. बॉल नसेल तर दात घासताना एका पायावर उभे राहा, सकाळी डावा, रात्री उजवा.

दमाचं काय? एक ड्रेसाज चाचणी, म्हणजे स्पर्धेतली ठरलेल्या हालचालींची फेरी, साधारण पाच-सहा मिनिटांची असते, पण तिच्या शेवटी बसती दुडकी किंवा कँटर आला आणि स्वार धापा टाकत असला तर पोट सुटतं आणि मांड विस्कटते. भरभर चालणं, पोहणं, सायकल, दोरीच्या उड्या, काहीही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास. पाठीचं जुनं दुखणं, मणक्यातली गादी सरकणं, गरोदरपण असं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका.

थांबा आणि पुन्हा निघा

मांड काम करते की नाही हे तपासायची कसोटी सोपी आहे. चालीत लगाम लांब सोडा, घोड्याच्या गळ्यात एक पट्टा असू द्या. लांब श्वास सोडा, पोट किंचित आत घ्या, पेल्विसचा झोका थांबवा. लगामाला हात लावू नका. किती पावलांत घोडा थांबतो ते मोजा. पहिल्या दिवशी १५ लागतील, कदाचित थांबणारही नाही. तेव्हा गळ्यातला पट्टा हलकेच ओढा आणि थांबला की मान थोपटा. रोज पाच वेळा केलं तर काही दिवसांत तो आकडा तीन-चारवर येतो.

हाफ-हॉल्ट म्हणजे याचीच लहान बहीण. घोडा थांबवायचा नाही, फक्त 'ऐक, पुढे काहीतरी येतंय' एवढं सांगायचं. उंच व्हा, पोटाने त्याच्या चालीला क्षणभर आवर घाला, पोटऱ्या हलक्या मिटा म्हणजे मागचे पाय येत राहतील, बाहेरची मूठ ओला स्पंज पिळावा तशी मिटा. आणि सोडा. हे सगळं एका पावलात. सोडणं विसरलं तर तो हाफ-हॉल्ट राहत नाही, ती ओढाताण होते. माझ्या पाहण्यात चुकतं ते बहुधा इथेच: धरायला सगळ्यांना येतं, सोडायला शिकावं लागतं.

हे पक्कं करायला २० मीटरचं वर्तुळ घ्या, त्याचे चार बिंदू मनात ठरवा. प्रत्येक बिंदूवर गती बदला: चाल, दुडकी, चाल, दुडकी. प्रत्येक बदलाआधी दोन हाफ-हॉल्ट. नजर नेहमी पुढच्या बिंदूवर, घोड्याच्या कानांवर नाही; डोकं खाली गेलं की पाठीचा कणा त्याच्या मागे जातो. तुमचे खांदे घोड्याच्या खांद्यांना समांतर, तुमची कंबर त्याच्या कंबरेला समांतर. दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या, मग लांब लगामावर विश्रांती. चाचणीत प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण असतात, आणि असे बदल पुन:पुन्हा येतात. पण गुणांसाठी नाही म्हटलं तरी, घोडा ऐकतोय हे यातच कळतं.

आता हात

मुठी मिटलेल्या, अंगठा वर, लगाम करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधून. दोन मुठींत साधारण एका मुठीचं अंतर. हात घोड्याच्या मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याच्या थोडा वर आणि पुढे, कोपर कमरेजवळ, वाकलेला आणि मोकळा.

'हात स्थिर ठेवा' हा सल्ला अर्धवट आहे. चालीत आणि कँटरमध्ये घोडा मान हलवतो, तेव्हा हाताला त्या तोंडाबरोबर जावं लागतं. कोपर बिजागरीसारखा उघडतो, मिटतो. दुडकीत मान बरीचशी स्थिर असते, पण उठत्या दुडकीत तुम्ही वर-खाली होता, म्हणून तिथेही कोपर उघडायचा-मिटायचा असतो, नाहीतर प्रत्येक उठण्याला बिट वर ओढलं जातं. स्थिर राहायचं ते घोड्याच्या तोंडाच्या दृष्टीने. तपासायला दोन्ही करंगळ्या खोगिराच्या पुढच्या पट्ट्यात अडकवून उठती दुडकी करा. कोपर आपोआप हलायला लागेल. ती जाणीव लक्षात ठेवून मग करंगळ्या सोडा.

हातात काय जाणवलं पाहिजे? लहान मुलाचं बोट धरून चालताना जेवढं जाणवतं तेवढं. लगाम मोकळा लोंबला तर त्याला कुणी धरलेलं नाही, ताठ खेचला तर फरपट.

पाऊण तासाच्या एका सत्राची मांडणी मी साधारण अशी करते: दहा मिनिटं लांब लगामावर चाल, त्यात मागचे पाय ओळखणं आणि गळ्यातल्या पट्ट्यावर थांबणं; दहा मिनिटं उठती दुडकी, मोठी वर्तुळं; मग पंधरा मिनिटं त्या दिवसाचा एकच विषय, मधेमधे लांब लगामाची विश्रांती धरून; शेवटची दहा मिनिटं पुन्हा चाल, घोड्याला मान खाली लांब करू देत. एका सत्रात चार विषय घेतले की एकही होत नाही.

उतरल्यावर खोगीर काढा आणि लगेच त्याच्या पाठीकडे बघा. घामाचा ओला ठसा दोन्ही बाजूंना सारखा आहे का? एका बाजूला कोरडा पट्टा उरला असेल, किंवा एकाच बाजूचे केस विस्कटलेले असतील, तर खोगिरावर आणि आपल्या बसण्यावर दोन्हींवर संशय घ्या. मग बोटांची टोकं मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेकडून कंबरेकडे, मध्यम दाबाने फिरवा. घोडा शांत उभा राहिला, ओठ सैल सोडले, तर ठीक. त्याने पाठ खाली दाबली, कान मागे घेतले किंवा बाजूला सरकला, तर दुसऱ्या दिवशी बसती दुडकी बंद, खोगीर तपासून घ्यायचं, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच दिसलं तर पशुवैद्यांना बोलवायचं.